बेटावरचा बेत : चला मॉरिशसच्या बाजारात!

खिशात रुपये, नाक्यावर डाळपुरी आणि तोंडी 'बझार'! दादर? छे, हे तर मॉरिशस! बीच झाला, बोटिंग झालं, सेल्फीही झाले. आता उचला पिशवी.

पहिली गंमत पाकिटातच. माहीत आहे का, इथे १८७७ पासून रुपयाच चालतो? नोटेवर इंग्रजी, तमिळ आणि हिंदी, तिन्ही. १९९८ च्या नव्या नोटांवर तमिळ हिंदीच्या मागे गेली आणि असा गदारोळ उठला, की नोटा मागे घेऊन नव्याने छापाव्या लागल्या! भाव करताना मात्र हिशेब पक्का ठेवा. त्यांचा रुपया आपल्यापेक्षा वजनदार आहे.

पोर्ट लुईचं सेंट्रल मार्केट म्हणजेच तो 'बझार'. क्रिओल भाषेतले दोन शब्द पाठ करा : 'कोम्ये सा?' म्हणजे 'हे केवढ्याला?' घसा सुकला? आलूदा मागवा. थंडगार दूध, त्यात फुगलेला सब्जा. ओळखलंत ना? आपल्या फालुद्याचंच भावंड!

प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर इथे २०१६ पासून बंदी. म्हणून आधी एक 'तांत' घ्या. तांत म्हणजे वाकवाच्या पात्यांची घट्ट विणलेली बाजाराची टोपली. आणि वाकवा कोण? आपल्या केवड्याच्याच कुळातला! माझ्या मते मॉरिशसची सगळ्यात देखणी खरेदी हीच. डोडोचं कीचेन प्रत्येक दुकानात आहे, ते नंतरही मिळेल. (खरा डोडो मात्र सतराव्या शतकातच संपला.)

आता तिकीट काढून तिकीट बघायचंय? कोदाँ वॉटरफ्रंटवर शॉपिंग करता करता ब्लू पेनी म्युझियममध्ये शिरा. १८४७ ची दोन टपाल तिकिटं, एक केशरी, एक निळं. छापली होती प्रत्येकी फक्त ५००! १९९३ मध्ये मॉरिशसच्या कंपन्यांनी वर्गणी काढावी तसे पैसे जमवले आणि सुमारे २० लाख डॉलर मोजून ही जोडी घरी आणली. उजेडाने रंग उडू नये म्हणून खऱ्या तिकिटांवर दिवा लागतो तो ठरलेल्या वेळी, काही मिनिटंच. एरवी प्रतिकृती बघायच्या. तेव्हा घड्याळ बघून जा!

बोट विकत घ्यायची? घ्या की, हँडबॅगेजमध्ये मावेल अशी! क्युरपिप आणि गुडलँड्सचे कारागीर जुन्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृती घडवतात. १७४४ मध्ये इथल्याच खडकांवर फुटलेलं 'सें जेराँ'सुद्धा मिळतं. बोटभर शिडं, सुतासारखे दोर, सगळं हाताने.

भर उन्हाच्या देशात स्वेटर? हो! फ्लोरेआलचे लोकरी कपडे युरोपात जातात. साध्या कपड्यांसाठी कात्र बोर्नचा बाजार, गुरुवारी आणि रविवारी.

बो प्लाँच्या साखर संग्रहालयात तर चक्क साखरेचं टेस्टिंग! गडद मस्कोवाडो चिमटीत धरा. ओलसर, चिकट, बोटांना सोडत नाही. नाकाशी नेली की थेट गुऱ्हाळाची काकवी. एका पुड्यावर थांबू नका.

सोमवार मोकळा ठेवा, माहेबूरच्या आठवडी बाजारासाठी. नावातच माहेर, मग पिशवी भरूनच निघायचं! जवळच १८७० पासूनचा बिस्किटांचा कारखाना. बिस्किटं कशाची, माहीत आहे का? साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्याच कंदाची!

शंख-प्रवाळ कोणी गळ्यात मारू लागलं, तर सरळ पुढे चला. ते समुद्रातच छान दिसतात.

आणि हो, भाद्रपदात जाताय? मग तारखा बघा. गणेश चतुर्थीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते! एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी माणसांनी बाप्पालाही सोबत नेलं. खरेदी आदल्या दिवशीच उरका आणि सुट्टीला मोकळ्या हातांनी मिरवणुकीत या, टाळ्या वाजवायला!