घोडदळ सोडलं की लढाई जिंकली?

‘मिडिव्हल टू: टोटल वॉर’ हा खेळ ब्रिटनच्या क्रिएटिव्ह असेंब्लीने २००६ साली आणला. त्याची मोहीम १०८० मध्ये सुरू होते आणि १५३० पर्यंत चालते. नकाशावर आळीपाळीने चाली करायच्या, शहरं वाढवायची, सोयरिकी जुळवायच्या आणि दोन सैन्यं भिडली की रणांगणात उतरून लढायचं. नव्याने खेळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली: ‘माझे नाइट त्यांच्यापेक्षा भारी होते, तरी हरलो कसा?’

या तक्रारीमागे एक समज आहे. जो जास्त माणसं मारेल तो जिंकेल, असं वाटतं. प्रत्यक्षात मोकळ्या मैदानातली लढाई शेवटचा शिपाई पडेपर्यंत क्वचितच चालते. प्रत्येक तुकडीचं मनोधैर्य खेळ सतत मोजत असतो. समोरून मार खात पाय रोवून उभे राहिलेले भालाईत पाठीवर घोडदळ आदळलं की पांढरं निशाण दाखवून पळू लागतात. त्यांना पळताना पाहून शेजारची तुकडी डळमळते आणि मग तिच्या शेजारची. माणसं अजून शाबूत असतात, पण फळी फुटलेली असते. म्हणून आपल्या भालाइतांनी शत्रूला समोर अडकवून धरायचं, ऐरणीवर लोखंड धरतात तसं, आणि घण मागून घालायचा. या खेळातल्या डावपेचांपैकी एकच शिकायचा असेल, तर मी हाच शिकायला सांगेन.

याच्याच पोटात दुसरा गैरसमज येतो: सेनापतीने सगळ्यांच्या पुढे असावं. त्याचे अंगरक्षक म्हणजे जड चिलखतातलं घोडदळ, त्यामुळे मोह होतो. पण सेनापती जवळ असला की आसपासच्या तुकड्यांना धीर येतो आणि तो पडला की साऱ्या सैन्याचा धीर खचतो. शिवाय मोहिमेत तो बहुधा राजघराण्यातला असतो; एका घाईच्या हल्ल्यात वारसच जायचा. ही खेळाची मनमानी नव्हे. १०६६ मध्ये हेस्टिंग्जच्या लढाईत ड्यूक विल्यम पडल्याची आवई उठली आणि नॉर्मन फौज माघारी वळू लागली. विल्यमने शिरस्त्राण वर करून आपला चेहरा दाखवला, तेव्हा ती सावरली. त्याच दिवशी इंग्रजांचा राजा हॅरॉल्ड पडला आणि त्याची फळी अखेर मोडली. सेनापतीला फळीच्या मागे ठेवा. शत्रू डळमळला की शेवटच्या धडकेला काढा.

आता नाइट. त्यांची खरी ताकद पहिल्या धडकेत असते. त्यासाठी मोकळी जागा हवी, रांग नीट हवी आणि लक्ष्य समोर हवं. अगदी जवळून हुकूम दिला किंवा आयत्या वेळी दिशा बदलली, तर भाले खाली येतच नाहीत. घोडे नुसते जाऊन भिडतात. एकदा धडक दिली की घोळक्यात अडकून पडू देऊ नका. मागे घ्या, रांग लावा, पुन्हा सोडा. भाल्यांच्या फळीवर मात्र समोरून कधीच नाही. इंग्लंडचे लाँगबो तिरंदाज लढाईपूर्वी जमिनीत टोकदार खुंट रोवून ठेवू शकतात. त्यांच्यावर दौडत गेलेलं घोडदळ संपलंच म्हणून समजा.

हे खुंट १४१५ मधल्या इंग्रज-फ्रेंचांच्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईतले. तिथे बाणांनी सगळी चिलखतं भेदली आणि फ्रेंच हरले, असं सर्रास सांगितलं जातं. बाणांचा वाटा मोठा होता, पण एकट्या बाणांचा विजय तो नव्हता. दोन रानांमधलं अरुंद, नुकतंच नांगरलेलं शेत, पावसाने झालेला चिखल आणि त्यातून जड चिलखत घालून बहुतांशी पायी निघालेली, एकमेकांना रेटणारी माणसं. खेळातही जमीन आणि थकवा पाहिल्याशिवाय तुकडी पुढे ढकलू नये. मैदानभर पळवत आणलेले चिलखतधारी भिडण्याआधीच दमलेले असतात आणि वाळवंटात तर ते आणखी लवकर थकतात. ११८७ च्या जुलैत हत्तीन इथे पाण्याविना चालत आलेल्या क्रूसेडर फौजेला सलाउद्दीनने गाठलं, ते याच अवस्थेत.

पेटते बाण जास्त माणसं मारतात, हाही असाच एक भ्रम. त्यांचा नेम कमी लागतो. उपयोग आहे तो समोरच्याला घाबरवण्यासाठी. फळी आधीच डळमळत असेल तेव्हा वापरा, एरवी साधे बाण बरे.

शत्रूला चहूबाजूंनी घेरावं, हेही अर्धंच खरं. पळायला वाट उरली नाही तर तुकडी मरेपर्यंत लढते आणि तुमचीही माणसं घेऊन जाते. शहराच्या मधल्या चौकात उभे असलेले रक्षकही तसेच, ते पळत नाहीत. मोकळ्या मैदानात एक बाजू उघडी ठेवा आणि हलकं घोडदळ हाताशी राखा. पळणारे कैदी झाले की त्यांना सोडायचं, खंडणी घ्यायची की मारायचं, हे लढाईनंतर तुम्हीच ठरवता. सोडलंत तर सेनापतीचा लौकिक उदार म्हणून वाढतो, मारलंत तर क्रूर म्हणून. अ‍ॅजिनकोर्टला इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री याने लढाई चालू असतानाच कैदी मारण्याचा हुकूम दिला होता.

आणि ज्यांना वाटतं की हे सगळं जमायला बोटं विजेसारखी चालावी लागतात, त्यांच्यासाठी: मोहिमेतली लढाई हवी तेव्हा थांबवता येते आणि थांबलेली असतानाच हुकूम देता येतात. पुढच्या लढाईत घोडदळ सोडण्याआधी एकदा थांबवा आणि शत्रूची पाठ कुठे आहे ते पाहून घ्या.