हरणाऱ्या संघाला गुरु हवा

आमचा एक पुतण्या कृषिशास्त्राच्या उच्च अभ्यासाकरितां अमेरिकेंतील कॅन्सास राज्यांत, मॅनहॅटन या गांवीं राहून आला आहे. (हें न्यूयॉर्कचें मॅनहॅटन नव्हे, गवताळ टेकड्यांच्या प्रदेशांतील विद्यापीठाचें एक लहानसें गांव आहे.) दिवाळींत तो घरीं आला, तेव्हां पिकांच्या रोगांविषयीं कांहीं ऐकावयास मिळेल अशी आमची अपेक्षा होती, परंतु फराळाच्या वेळीं दोन तास तो बोलला तो तेथील विद्यापीठाच्या फुटबॉलच्या संघाविषयीं. मुलांचें तर राहोच, पण आमच्या वहिनीहि हातांतलें काम टाकून ऐकत बसल्या. विषय होता एका माणसाच्या निवडीचा. आमचीं चौतीस वर्षें शाळेंत गेलीं असल्यामुळें योग्य जागीं योग्य माणूस कसा नेमावा हा प्रश्न आम्हांस नवा नाहीं. म्हणून ती हकीकत पुढें आम्हीं स्वतः वाचून पाहिली, व ती वाचकांपुढें ठेवावीशी वाटली.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द. अमेरिकेंत ज्यास फुटबॉल म्हणतात, तो आपला पायांनीं खेळावयाचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोंकांस निमुळता. तो हातांत घेऊन धांवावयाचें किंवा फेंकावयाचा. प्रत्येक बाजूस अकरा गडी. शनिवारीं सामना असला म्हणजे जवळ जवळ गांवाच्या लोकसंख्येइतकीं माणसें एका क्रीडांगणांत मावतात. मुख्य प्रशिक्षक हाहि तेथें केवळ कवाईत घेणारा नव्हे. गांवोगांव हिंडून खेळाडू हेरणें, त्यांच्या आईबापांची समजूत घालून त्यांस आपल्या विद्यापीठांत आणणें, साहाय्यक नेमणें, प्रत्येक चाल ठरविणें, मुलगा अभ्यासांत मागें पडल्यास त्याची चौकशी करणें, हें सर्व त्याच्याकडे. आपल्या जुन्या शाळांतील मुख्याध्यापक आणि वसतिगृहाचे अधीक्षक एकाच व्यक्तींत एकवटले, तर कांहींसें असें पद होईल. वेतन मात्र बहुधा विद्यापीठाच्या अध्यक्षांहूनहि कितीतरी अधिक. हें आम्हांस अजून पटलेलें नाहीं.

१९८८ सालीं या कॅन्सास स्टेट विद्यापीठाच्या संघाची स्थिति काय होती? नव्वदांहून अधिक वर्षांच्या इतिहासांत त्यानें २९९ सामने जिंकले होते आणि ५१० गमावले होते. पांचशें पराभवांचा आंकडा ओलांडणारा तो त्या देशांतील पहिला मोठा संघ. १९८६ च्या ऑक्टोबरनंतर त्यास एकहि विजय लाभला नव्हता. १९८७ मध्यें अकरांपैकीं एक सामना बरोबरींत सुटला, तोहि शेजारच्या कॅन्सास विद्यापीठाच्या तितक्याच दुबळ्या संघाशीं. १९८८ मध्यें अकराच्या अकरा हरले. पूर्वीच्या प्रशिक्षकांच्या तीन वर्षांत मिळून दोन विजय आणि तीस पराभव! १९८९ मध्यें एका सुप्रसिद्ध क्रीडासाप्ताहिकानें या संघावर मोठा लेख छापला, तो व्यर्थतेचा नमुना म्हणून.

हा प्रश्न केवळ खेळांतील लाजेचा नव्हता. विद्यापीठ 'बिग एट' नांवाच्या आठ विद्यापीठांच्या गटांत होतें, आणि या दुबळ्या भिडूस गटाबाहेर काढावें अशी भाषा सुरू झाली होती. गट सुटला म्हणजे उत्पन्न सुटलें, प्रतिष्ठा सुटली, आणि विद्यार्थ्यांचा ओघहि आटणार. विद्यापीठाचे अध्यक्ष जॉन वेफल्ड व क्रीडाविभागाचे संचालक स्टीव्ह मिलर यांच्यापुढें निवडीचा प्रश्न आला तो असा.

त्यांनीं ज्यांस निवडलें ते बिल स्नायडर त्या वेळीं ४९ वर्षांचे होते. कोणत्याहि विद्यापीठाच्या संघाचे ते पूर्वीं मुख्य प्रशिक्षक नव्हते. आयोवा विद्यापीठांत हेडन फ्राय यांच्या हाताखालीं साहाय्यक म्हणून दहा वर्षें त्यांनीं काढलीं होतीं. त्यापूर्वीं ते शाळेंत होते, आणि मिसूरींतील एका शाळेंत त्यांनीं स्पॅनिश भाषाहि शिकविली होती. ही गोष्ट आम्हांस विशेष आवडली, हें कबूल केलें पाहिजे. म्हणजे नांवाचा डंका नव्हता. होतें तें एका नामांकित गुरूच्या हाताखालचें दीर्घ शिष्यत्व, आणि अंगीं मुरलेला शिक्षकाचा स्वभाव. पद स्वीकारतांना त्यांनीं उद्यांच विजयाचें अभिवचन दिलें नाहीं. सर्वांत मोठें परिवर्तन घडवून आणण्याची संधि याच ठिकाणीं आहे, पण तिला कोणीं हलकें समजूं नये, अशा अर्थाचें ते बोलले.

आणि पहिल्या वर्षीं काय झालें? एक विजय, दहा पराभव. तो एकच विजय ३० सप्टेंबर १९८९ रोजीं, नॉर्थ टेक्सस या संघाविरुद्ध, अगदीं शेवटच्या चालीवर, २०-१७ असा. मौज अशी कीं, स्नायडर हे पूर्वीं याच नॉर्थ टेक्ससमध्यें साहाय्यक होते! पुढच्या वर्षीं पांच विजय, त्यापुढें सात, मग पुन्हां पांचच. येथें एखादें उतावीळ मंडळ असतें, तर चौथ्या वर्षाच्या अखेरीस त्यांस निरोप मिळाला असता. पांचव्या वर्षीं, १९९३ मध्यें, नऊ विजय आले आणि हंगामाअखेरच्या कॉपर बोल सामन्यांत वायोमिंगचा ५२-१७ असा पराभव झाला.

स्नायडरांची पद्धति पाहतां आम्हांस शास्त्रांतील स्थूणानिखननन्यायाची आठवण होते. खांब रोवतांना तो पुन्हां पुन्हां हलवून पाहावयाचा आणि पुन्हां ठोकावयाचा, म्हणजे तो पक्का होतो. खेळाडूंपुढें त्यांनीं सोळा ध्येयें ठेविलीं होतीं. निःस्वार्थता, एकजूट, आत्मसंयम, चुका टाळणें, सुधारणा करीत राहणें अशीं. त्यांत दिपवणारें कांहींच नाहीं. आपल्या गटाबाहेरचे प्रतिस्पर्धी त्यांनीं मुद्दाम सोपे निवडले, व त्याबद्दल लोकांनीं त्यांस हिणविलेंहि. आमच्या मतें त्यांत गैर नव्हतें. पाढे न येणाऱ्या मुलास पहिल्याच दिवशीं त्रैराशिक कोण घालतो? आणि २००३ मध्यें याच संघानें बलाढ्य ओक्लाहोमास ३५-७ असें हरवून १९३४ नंतरचें पहिलें गटविजेतेपद मिळविलें.

येथें आमच्या स्वतःच्या शाळेची आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. शालान्त परीक्षेचे निकाल घसरूं लागले, तेव्हां मंडळानें मोठ्या कीर्तीचे एक गृहस्थ मुख्याध्यापक म्हणून आणिले. हार झाले, भाषणें झालीं. प्रयोगशाळेस कुलूप आहे, दोन शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, हें त्यांस कोणीं सांगितलें नाहीं. त्यांस काय लागेल, हेंहि कोणीं विचारलें नाहीं. पहिला निकाल वाईट लागला, आणि दुसऱ्या दिवाळीपूर्वीं ते गेले. शिक्षकांच्या खोलींत बसून त्यांच्याविषयीं कुजबुजणाऱ्यांत आम्हीहि होतों, हें आज लिहितांना बरें वाटत नाहीं.

अमेरिकेंत हीच चूक फार मोठ्या रकमांनीं होते. टेक्सस ए अँड एम विद्यापीठानें राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलेले जिंबो फिशर यांस १९१७ नव्हे, २०१७ सालीं (जुन्या शतकाची संवय हातास अजून आहे) दहा वर्षांच्या करारानें आणिलें. २०२३ मध्यें त्यांस दूर करतांना साडेसात कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देणें मान्य करावें लागलें. कॅन्सास स्टेटहि चुकांपासून मुक्त राहिलें नाहीं. २००५ मध्यें स्नायडर निवृत्त झाले. त्यांच्या जागीं ३६ वर्षांचे रॉन प्रिन्स आले, आणि तीन वर्षांत १७ विजय व २० पराभव अशी गत झाली. तेव्हां विद्यापीठानें पुन्हां स्नायडरांचेच पाय धरले. वयाच्या ६९ व्या वर्षीं ते परत आले, २०१२ मध्यें पुन्हां गटाचें संयुक्त विजेतेपद मिळविलें, आणि २०१८ च्या अखेरीस २१५ विजयांनिशीं कायमचे निवृत्त झाले.

त्यानंतरची निवड मात्र डोळसपणें झाली. नवे संचालक जीन टेलर यांनीं ख्रिस क्लीमन यांस आणिलें, तेव्हां बाहेरच्या पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. कारण क्लीमन हे खालच्या श्रेणींतील नॉर्थ डकोटा स्टेटचे प्रशिक्षक. परंतु टेलर यांनींच पूर्वीं तेथें असतांना क्लीमन यांस मुख्य प्रशिक्षक नेमलें होतें. माणसाचें काम त्यांनीं स्वतः पाहिलें होतें, कीर्ति ऐकली नव्हती. २०२२ मध्यें क्लीमन यांच्या संघानें गटविजेतेपद मिळविलें.

डिसेंबर २०२५ मध्यें क्लीमन निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागीं कॉलिन क्लाइन यांची नेमणूक झाली. हे क्लाइन २०१२ च्या त्या विजयी संघाचे क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक चाल सुरू करणारे मुख्य खेळाडू, आणि स्नायडरांचे शिष्य. आमच्या पुतण्यानें त्यांची जन्मतारीखहि शोधून ठेविली होती. ती सप्टेंबर १९८९ मधील आहे. नॉर्थ टेक्ससविरुद्धचा तो एकुलता एक विजय मिळाला, त्याच महिन्यांतील.