रॉड काढावेत का?

१९२८ ते १९३१ या काळातल्या फोर्ड ‘मॉडेल ए’चे ब्रेक समजून घ्यायचे तर गाडीखाली शिरावे लागते. पेडल दाबले की आडवा दांडा फिरतो, चार रॉड ओढले जातात आणि चारही ड्रममध्ये शू फाकतात. जुन्या सायकलचे रॉड ब्रेक ज्यांनी वापरलेत त्यांना अधिक सांगायला नको. अशी गाडी दारात आली की पहिला सल्ला मिळतो, “हे काढा, ऑइल ब्रेक बसवा.” सल्ला वाईट नाही, घाईचा आहे.

रॉड ब्रेकला जोर नसतो हा समज खोटा. नीट सेट केलेले ब्रेक या गाडीची चाके जाम करू शकतात, आणि चाक जाम झाले की पुढचा कारभार टायरचा. खरे दुखणे चारही चाकांना सारखा जोर न मिळण्याचे. एक बुश झिजला, एक पिन सैल झाली की गाडी एका अंगाला ओढते.

द्रवात हा प्रश्नच उद्भवत नाही. बंद द्रवावरचा दाब सर्वत्र सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगून ठेवले आहे. पायाचा जोर ३० किलो आणि पेडलचे प्रमाण सहास एक धरले, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १८० किलो येतात. दट्ट्या एक इंची असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३६ किलो दाब, आणि तो चारही चाकांत तेवढाच. व्हील सिलिंडर मोठे घेतले तर जोर वाढतो, पण पेडलही तितके खोल जाते.

माल्कम लॉकहीडची ही कल्पना १९२१मध्ये ड्यूसेनबर्ग गाड्यांत आली. त्याच वर्षी ल मान्सला फ्रेंच ग्रां प्री जिंकणाऱ्या जिमी मर्फीच्या ड्यूसेनबर्गला हेच ब्रेक होते. १९२४मध्ये क्रायस्लरने ते बरेच स्वस्त गाडीत आणले; गळक्या चामडी वाट्यांच्या जागी रबरी वाट्या घालून त्यांनी ते भरवशाचे केले. शेवरोलेने १९३६मध्ये ते स्वीकारले. हेन्री फोर्ड मात्र १९३९च्या मॉडेलपर्यंत अडून बसला; पेडलपासून चाकापर्यंत पोलाद, अशी त्याची जाहिरात होती.

गंमत अशी की, त्यानेच उशिरा दिलेले १९३९ ते १९४८चे ब्रेक आज मॉडेल एवर थोड्या जोडकामाने चढतात. कॅलिफोर्नियातली पोरे महायुद्धानंतर तेच करत होती.

पण त्या काळचा मास्टर सिलिंडर तसाच बसवणे मला साफ नामंजूर आहे. त्यात एकच कप्पा असतो. एक नळी फुटली की चारही चाके गेली. रॉड तुटला तर निदान बाकीची तीन उरतात. पुढच्या-मागच्या चाकांचे कप्पे वेगळे असलेला सिलिंडरच घ्यावा. अमेरिकेत १९६८पासून मोटारींना तशी सक्ती आहे. हँडब्रेक रॉडवरच ठेवावा. नळ्या तांब्याच्या नकोत, पोलादी हव्यात.

शिवाय तेलाचा जाच. डॉट ३ तेल हवेतले पाणी शोषते. कोरड्या तेलाचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर १४०. मुंबईच्या दमट हवेत महिनोन् महिने झाकून ठेवलेल्या, फक्त रॅलीपुरत्या निघणाऱ्या गाडीचे सिलिंडर आतून गंजतात. सिलिकॉनचे डॉट ५ पाणी शोषत नाही, मात्र ते दुसऱ्या तेलात मिसळायचे नाही.

आणि खंडाळ्याचा घाट? तिथे ड्रम तापले की पकड कमी होते, मग मागे रॉड असोत वा तेल. मॉडेल एचे मूळ ड्रम पत्र्याचे. तापून फुगतात आणि पेडल खाली जाते. ओतीव लोखंडाचे ड्रम, नवे लायनर, नवे बुश आणि उताराला खालचा गिअर, एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटतात.

कायद्याचीही बाजू आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणून चासी कापून किंवा वेल्डिंग करून केलेले काम घेऊच नका.

माझे मत असे : गाडी रॅलीपुरती असेल तर रॉड दुरुस्त करा. रोजच्या रहदारीत काढणार असाल तर ऑइल ब्रेक जरूर बसवा, पण पुन्हा पूर्ववत करता येतील असे. आणि काढलेले रॉड भंगारात देऊ नका. चिठ्ठ्या लावून जपून ठेवा. गाडीच्या पुढच्या मालकाला ते लागतील.