नॉबला हात लावण्याआधी

नगरच्या लष्करी हद्दीत एप्रिलच्या दुपारी उभ्या असलेल्या रणगाड्याची तोफ सरळ नसते. डोळ्यांना ती सरळच दिसते. पण वरून ऊन खाणारी पोलादी नळी वरच्या अंगाने जरा जास्त प्रसरण पावते, खालचे अंग तेवढे वाढत नाही, आणि नळीचे तोंड झुकते. हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचाच आहे. एक मीटर पोलाद एक अंशाने तापले की सुमारे 12 मायक्रॉन वाढते. पाच मीटर लांब आणि सरासरी पाव मीटर जाडीच्या नळीत वर-खाली एकाच अंशाचा फरक पडला, तर तोंड खाली येते ते जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. पण तेवढ्याने नळी रोखल्याची दिशा बदलते आणि दोन किलोमीटरवर गोळा जवळपास अर्धा मीटर खाली पडतो. एका बाजूने गार वारा सुटला, पावसाची सर आली, तर हेच वाकणे आडवे होते. म्हणून तर तोफेच्या नळीभोवती उष्णता सगळीकडे सारखी पसरवणारे वेष्टण असते.

नगरला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे आणि नगर, पारनेर, राहुरी तालुक्यांत पसरलेल्या के. के. रेंजवर तोफांचा सराव चालतो. त्यामुळे नगरकरांना तोफेचे आवाज नवे नाहीत. अर्जुन रणगाड्याची 120 मिलिमीटर तोफ पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या संस्थेने घडवली. टी-72 आणि टी-90 यांच्या 125 मिलिमीटर तोफांची नळी आतून गुळगुळीत असते. अर्जुनच्या नळीत मात्र गोळ्याला फिरकी देणाऱ्या चक्राकार खाचा आहेत. म्हणजे अर्जुनवर दुर्बीण लावलेली रायफलच बसवली आहे, फक्त अवाढव्य. आणि खांद्यावरच्या रायफलची जी नेहमीची तक्रार, तीच हिचीही: काल नेम बरोबर बसत होता, आज गोळी भलतीकडेच जाते.

ही तक्रार घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा दुर्बिणीचा नॉब फिरवून आलेला असतो. दोष कोणताही असो, हा उपाय त्यावर सर्वांत आधी होतो आणि सर्वांत जास्त घोळ घालतो.

एनसीसीत ज्यांनी पॉइंट टू-टू रायफल चालवली आहे त्यांना ‘ग्रुप’ माहीत असतो: एकाच ठिकाणी नेम धरून झाडलेल्या पाच गोळ्यांची छिद्रे कागदावर किती जवळ पडली, ते. पाचही छिद्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातात, पण काळ्या वर्तुळापासून दोन बोटे डावीकडे आहेत, तर नळी आणि दुर्बीण यांच्यात काहीतरी एकदा सरकून तिथेच थांबले आहे. नॉब यासाठीच दिलेला असतो. छिद्रे बशीएवढ्या जागेत विखुरली असतील, तर काहीतरी प्रत्येक गोळीगणिक बदलते आहे. त्यावर नॉबचा काडीचाही उपयोग नाही.

उपयोग नाही इतकेच नव्हे, नुकसान आहे. समजा, रायफल आणि नेमबाज दोघेही ठाकठीक आहेत आणि गोळ्या नैसर्गिकपणे थोड्या इकडेतिकडे पडताहेत. एक उजवीकडे गेली म्हणून तुम्ही नॉब फिरवून मारा तेवढाच डावीकडे आणला. पुढच्या गोळीत आता तिची स्वतःची चूक आहे आणि वर मागच्या गोळीची उलटी केलेली चूकही. प्रत्येक गोळीनंतर असे करत राहिलात, तर विचरण, म्हणजे चुकांच्या वर्गांची सरासरी, बरोबर दुप्पट होते आणि छिद्रांचा पसारा 41 टक्क्यांनी वाढतो. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ कारखान्यातल्या व्यवस्थापकांना हेच नरसाळे आणि गोट्यांच्या प्रयोगातून दाखवत. नरसाळे हलवले नाही, तर गोट्या सर्वांत जवळजवळ पडतात. तीन गोळ्या झाडून रायफलवर निकाल देणे हाही त्याच जातीचा उतावळेपणा. तीन छिद्रे योगायोगाने जवळ पडू शकतात आणि योगायोगानेच लांबही.

तेव्हा नॉब सोडा आणि स्क्रूंकडे बघा. दुर्बीण दोन कड्यांत बसवलेली असते. कड्यांमधले अंतर 10 सेंटिमीटर धरू. त्यातले एक कडे गोळीच्या धक्क्याने एक दशांश मिलिमीटर, म्हणजे ढोबळमानाने एका केसाएवढे सरकले, तर दुर्बिणीचा रोख हजारात एकाने बदलला. शंभर मीटरवर तो फरक 10 सेंटिमीटर भरतो. हाताला कडे घट्टच लागते. म्हणून अनुभवी माणसे स्क्रूच्या डोक्यावरून कड्यावर रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवतात. रेघ तुटलेली दिसली की चोर सापडला. तसे झाले नाही तर खात्रीची दुसरी दुर्बीण लावून बघायची, पण त्या वेळी बाकी काहीही बदलायचे नाही. काडतूसही बदलले, दुर्बीणही बदलली आणि दस्त्याचे स्क्रूही आवळले, तर सुधारणा कशाने झाली हे कधीच कळत नाही.

दुर्बिणीतला दुसरा दोष स्क्रूशिवायही असतो. मोटारसायकलवर मागे बसलेल्याला स्पीडोमीटरचा काटा वेगळ्याच आकड्यावर दिसतो, कारण काटा आणि तबकडी एका पातळीत नसतात. दुर्बिणीत लक्ष्याची प्रतिमा आणि फुलीच्या तारा एका पातळीत आल्या नाहीत की तेच होते. गाल दस्त्यावर दर वेळी वेगळा टेकला की नेमही वेगळा. तपासणी फुकटात होते. रायफल रिकामी असल्याची खात्री करायची, ती वाळूच्या पिशव्यांवर पक्की बसवायची, हात न लावता फक्त डोके वर-खाली न्यायचे. फुली लक्ष्यावर पोहताना दिसली की फोकस नीट लावायचा.

मग नळी. ती लाकडी दस्त्याला कुठे घासते का, हे बघायला दहाची नोट पुरते: नळी आणि दस्ता यांच्यामधून ती अडथळ्याविना सरकली पाहिजे. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात मोकळी असलेली जागा बंद होते. पहिली गोळी वेगळी आणि पुढच्या चार एकत्र पडत असतील, तर संशय नळीत राहिलेल्या तेलावर घ्यावा. चार बरोबर आणि नंतरच्या एकाच दिशेने चढत जात असतील, तर तापलेल्या नळीवर.

रणगाड्यात हा गुंता गोळा न झाडता सोडवता येतो. तोफेच्या तोंडाशी सुताची फुली ताणून मागच्या बाजूने नळीतून बघायचे आणि दुर्बीण त्याच बिंदूवर आणायची, ही जुनी रीत. अनेक आधुनिक रणगाड्यांत तोंडाशी छोटा आरसा असतो. त्यावरून परतलेला प्रकाश तोफचीला नळी किती वाकली आहे ते सांगतो. नगरच्या रणगाडा संग्रहालयात विजयंता आहे. त्याच्या काळची युक्ती आणखी वेगळी होती. 105 मिलिमीटर तोफेसोबत 12.7 मिलिमीटरची मशीनगन असे, आधी तिच्या गोळ्या कुठे पोचतात ते बघायचे आणि मग तोफ डागायची. अर्थात दोन नळ्यांचे आपसात जमले पाहिजे, ही नवी डोकेदुखी.

हवेला दोष देणे सगळ्यांना आवडते. नगर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंचीवर आहे, तिथली हवा मुंबईपेक्षा साधारण 6 टक्के विरळ. दोन किलोमीटरच्या तोफेला हे मोजावे लागते, दारूचे तापमानही मोजावे लागते. 50 मीटरवर नेम धरणाऱ्याने ही सबब सांगू नये.

काडतुसाचे तसे नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनचे जगज्जेतेपद मिळवले, स्वप्निल कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्सचे कांस्य. या प्रकारांत दुर्बीण नसतेच, आणि दहा गुणांचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे. या पातळीवरचे नेमबाज रायफल शिकंज्यात धरून एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट तपासतात. डबा तोच, छाप तीच, तरी एक लॉट या नळीला मानवतो आणि दुसरा मानवत नाही. मानवला तो शक्य तितका विकत घेऊन ठेवायचा.

के. के. रेंजवर 22 सप्टेंबर 2020 रोजी अर्जुनच्या त्याच तोफेतून लेझरने मार्गदर्शन होणारे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र सोडले गेले आणि त्याने तीन किलोमीटरवरचे लक्ष्य भेदले. वाकलेल्या नळीची चूक ते वाटेतच सुधारून घेते. लेझरचा ठिपका मात्र लक्ष्यावर धरावा लागतो, आणि तो टाकणारे यंत्रही आधी नेमाशी जुळवून घ्यावे लागते.