कागदावर हरवलेले तेल

शिवणयंत्र कुरकुरू लागले की त्याच्या भोकांत तेलाचे दोन थेंब सोडावेत, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. ते तेल आत जाऊन नेमके काय करते, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. इंग्लंडमध्ये तो आगगाडीच्या निमित्ताने विचारला गेला, आणि उत्तर जवळजवळ अपघातानेच हाती आले.

बीचम टॉवर हे अभियंते आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. त्यांचा वृत्तांत १८८३ साली प्रसिद्ध झाला. वंगण सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तो तेल आत जाण्याऐवजी त्यातून वरच येऊ लागले! भोकात बूच ठोकले, मग लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू बाहेर सरकली. शेवटी दाबमापक लावला, तेव्हा काटा दर चौरस इंचास २०० पौंडांच्या अखेरच्या खुणेपलीकडे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता अवघा १०० पौंड. फिरणारा आस भोवतालचे तेल ओढून निमुळत्या फटीत कोंबतो आणि त्यातून उपजणाऱ्या दाबावर स्वतःच तरंगतो, हे त्यामागचे रहस्य. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी या दाबाचे अवकल समीकरण मांडले.

परंतु जी फट एका बाजूस निमुळती होते, ती दुसऱ्या बाजूस रुंदावणारच. तेथे दाब उतरतो, आणि तेथेच गणित व तेल यांची फारकत होते. १९०४ साली झोमरफेल्ड यांनी ते समीकरण सोडविले. उत्तर आले की तेल एका बाजूने जितके रेटते, तितकेच दुसऱ्या बाजूने ओढते. तेल म्हणजे काही दोरी नव्हे. दाब पुरेसा उतरला की त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते, क्वचित तेलाचीच वाफ होते, आणि सलग थर फाटून त्याच्या पट्ट्या होतात. मध्ये पोकळ्या राहतात. यालाच अभियंते ‘कॅव्हिटेशन’ म्हणतात.

यावर गुंबेल यांनी काढलेला तोडगा सरळ होता: ऋण दाबाचे आकडे खोडून तेथे शून्य लिहावे. भाराचा अंदाज त्याने बरा येतो. म्हणून तो दीर्घकाळ चालला. पण त्यात तेलाचा जमाखर्च जुळत नाही. थर जेथे फाटतो तेथवर जितके तेल येते, तितके पलीकडे निघत नाही. मग रुंदावणाऱ्या फटीत ते आपोआप वाढू लागते. किराणा दुकानदाराने अशी वही ठेवली, तर त्याचे दिवाळे निघेल. अभियंत्याचे काय होते? तेल किती वाहील हे चुकते, म्हणून ते किती तापेल हेही चुकते. तापलेले तेल पातळ होते आणि धातू धातूला भिडतो.

स्विफ्ट यांनी १९३१ मध्ये आणि स्टीबर यांनी १९३३ मध्ये फाटण्याच्या काठावरचा नियम दुरुस्त केला: तेथे दाबच नव्हे, तर दाबाचा उतारही शून्य हवा. पण पलीकडचा काठ, जेथे थर पुन्हा सांधतो, तसाच राहिला. त्याचा हिशेब स्वीडनमध्ये याकोब्सन व फ्लोबर्ग यांनी १९५७ साली मांडला. ओल्सन यांनी १९६५ मध्ये तो बदलत्या भारासाठी विस्तारला. मात्र काठ स्वतःच सरकत असेल, तर त्याचा माग काढीत आकडेमोड करणे महाकठीण.

यातून वाट काढली ती कोलंबिया विद्यापीठाच्या एलरॉड यांनी. आधी ॲडम्स यांच्यासमवेत १९७४ मध्ये, मग १९८१ मध्ये अधिक सुटसुटीतपणे. फटीचे लहान लहान चौकोन पाडायचे आणि प्रत्येकात एकच राशी मोजायची. चौकोन भरलेला असेल तर ती तेल किती दाबले गेले हे सांगते; पोकळ असेल तर त्यात तेलाचा वाटा किती उरला हे सांगते. कोणता अर्थ घ्यायचा, ते शून्य किंवा एक असा एक खटका ठरवितो. काठ शोधावा लागत नाही. तो उत्तरातूनच उमटतो. मला ही युक्ती फार देखणी वाटते.

खोड आहे ती खटक्यात. काठावरचा चौकोन एका फेरीत भरलेला ठरतो, पुढच्या फेरीत पोकळ, पुन्हा भरलेला. आणि संगणक उत्तराशी पोहोचतच नाही. विजयराघवन व कीथ यांनी १९८९ मध्ये ही रीत सुधारली, तरी पुढेही संशोधक या खटक्याला मवाळ करण्याच्या मागे लागलेलेच राहिले. कारण मोटारीच्या इंजिनात भार क्षणोक्षणी दिशा बदलतो. पोकळी उमलते, मिटते, आणि मिटताना बेअरिंगच्या मऊ धातूचा बारीक टवका काढून जाते. तो टवका कोठे निघणार, हे त्या चौकोनांतून आधी कळावे लागते.