सात कुंडांची वाट

आडसाली लावणी उरकल्यावर आम्ही पाचजण ऊसाच्या ट्रॉलीचं वेल्डिंगकाम करायला जालना एमआयडीसीत गेलो. ट्रॉली दुसऱ्या दिवशी मिळणार होती. श्रावणाचे दिवस, मग जीप काढली. भोकरदन, सिल्लोड करत अजिंठा गाठलं. लेणापूरच्या बाजूला गाडी ठेवून डोंगरकडेची वाट पायी धरली. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली ती याच अंगाने. वाट निसरडी, आमच्यातल्या काकांनी चपला हातात घेतल्या.

वळण ओलांडलं अन् समोर वाघूर! टप्प्याटप्प्याने सात कुंडांत उड्या घेत ती लेण्यांच्या घळीत उतरते. सारे गप्प झाले.

काकाच म्हणाले, "अहो, हे पाणी आपल्याकडं का येत नाही?"

वाघूर उत्तरेला तापीला मिळते. आपली पूर्णा याच अजिंठ्याच्या डोंगरात उगवून गोदावरीकडे येते. एकाच रांगेवर पडलेल्या पावसाची अशी वाटणी! आपल्या वाट्याचं पाणी आटलं म्हणजे काय होतं, ते २०१२-१३ च्या दुष्काळात वाळलेल्या मोसंबीच्या बागांनी दाखवलंच आहे.

परतताना लेण्यांपेक्षा ठिबकच्या नळ्यांवरच बोलणं जास्त झालं. काका अजून उसाला पाटानेच पाणी देतात. पूर्वहंगामी लावणीत एक एकर ठिबकवर घेऊन बघतो म्हणाले.