बाहेरच्या ओळखी आणि आतली कल्पकता

दापोली तालुक्यातलं मुरुड हे धोंडो केशव कर्वे यांचं गाव. 1893 मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा याच गावाने त्यांना वाळीत टाकलं. त्यांनी पुढे उभ्या केलेल्या कामाकडे पाहिलं, तर बाहेरच्या संबंधांबद्दलचे आपले बरेच समज तपासून घेता येतात.

गैरसमज : बाहेरून कल्पना घेतली की अस्सलपणा जातो.
वस्तुस्थिती : टोकियोत 1901 मध्ये महिला विद्यापीठ निघालं. त्याची माहितीपुस्तिका टपालाने कर्व्यांच्या हाती पडली. 1915 च्या मुंबईतल्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची योजना मांडली आणि 1916 मध्ये ते सुरूही झालं. पण जपानची नक्कल त्यांनी केली नाही. शिक्षणाचं माध्यम मातृभाषा आणि इंग्रजी हा एक विषय, ही इथली गरज ओळखून केलेली रचना होती.

गैरसमज : कामाचं काही सुचतं ते रोजच्या माणसांतच.
वस्तुस्थिती : ती पुस्तिका पाठवणारे काशीचे बाबू शिवप्रसाद गुप्त हे काही कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमातले नव्हते. रोजच्या सहकाऱ्यांना बहुतेक तेच ठाऊक असतं, जे आपल्यालाही ठाऊक असतं. रोनाल्ड बर्ट यांनी एका मोठ्या अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीतल्या 673 व्यवस्थापकांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध केला. एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या गटांत ज्यांची ऊठबस होती, त्यांच्या सूचना वरिष्ठांना अधिक मोलाच्या वाटल्या.

गैरसमज : ओळखी जितक्या जास्त, तितकी कल्पकता जास्त.
वस्तुस्थिती : ब्रायन उझी आणि जॅरेट स्पायरो यांनी 1945 ते 1989 या काळातल्या ब्रॉडवेच्या संगीत नाटकांचा अभ्यास केला. कलावंतांच्या वर्तुळातली गुंफण वाढत गेली तसं यशही वाढलं, पण एका मर्यादेपर्यंतच. सगळेच सगळ्यांशी जोडले गेले की तेच ते फिरत राहतं.

गैरसमज : बाहेरचे संबंध सांभाळणं हे प्रमुखाचं काम.
वस्तुस्थिती : हिंगण्याच्या पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या. इंग्रजी बेताचं असतानाही 1918 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. एकट्या कर्व्यांना इतकी दारं ठोठावता आली नसती.

गैरसमज : चांगली ओळख मिळाली की काम झालंच.
वस्तुस्थिती : ती पुस्तिका हाती आली, तेव्हा 1896 पासूनचा विधवांच्या शिक्षणाचा अनुभव आणि 1908 मध्ये त्यांनीच काढलेल्या निष्काम कर्म मठाने जोडलेले आजीव सेवक, अशी दोन दशकांची तयारी कर्व्यांच्या गाठीशी होती. म्हणूनच परक्या कल्पनेतलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे त्यांना ठरवता आलं. आपल्या कार्यालयातही कुणी परिषदेहून किंवा दुसऱ्या शहरातून परतलं की फोटो पाहून थांबू नये. त्याने आणलेल्यातलं आपल्याला काय चालेल, काय बदलावं लागेल आणि ते कोण करणार, यावर तासभर बसावं.